बर्लिनचा चार वाजताचा सूर्यास्त आणि लेकीचा डबा



आपल्या म्हसवड, फलटण, नातेपुत्याच्या घरांतून आता मुलं-मुली जर्मनीला शिकायला निघाली आहेत. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते, म्हणून आईवडिलांना ते परवडेलसं वाटतं. पण व्हिसासाठी 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून ठेवावे लागतात आणि तिकडे गेल्यावर त्यातले महिन्याला ९९२ युरोच हातात पडतात. खोलीचं भाडं आणि सक्तीचा आरोग्य विमा त्यातूनच जातो. राहिलं ते पोटाला.

माझी धाकटी ऑक्टोबर २०२४ मध्ये बर्लिनला गेली. "शाकाहार कसा जमणार गं तिला?" हाच प्रश्न मला मंदिरात सगळ्या विचारायच्या. खरं सांगू, तो प्रश्न फार लवकर सुटला. बर्लिनच्या विद्यार्थ्यांच्या खानावळींनी (तिकडे मेन्सा म्हणतात) २०२१ च्या ऑक्टोबरपासून जवळजवळ सगळाच बेत शाकाहारी केला आहे, त्यातही निम्म्याहून जास्त पदार्थ बिनदुधाचे. जेवण स्वस्तही. अडचण आहे ती आपल्या कंदमुळाची. बटाटा हे त्या लोकांचं मुख्य अन्न, आणि कांदा प्रत्येक रश्श्यात. पाकिटावर 'व्हेगन' लिहिलं की आपण निर्धास्त होतो, पण त्या शिक्क्याचा कांदा-लसणाशी काही संबंध नाही.

मग डिसेंबर आला. बर्लिनला त्या महिन्यात सूर्य चारच्या आतच मावळतो, तीन चोपन्नच्या आसपास. आपण सूर्यास्ताच्या दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं आधी जेवण आटोपतो. त्या हिशेबाने तिचं जेवण तीन वाजून सहा मिनिटांनी संपायला हवं, आणि तिचे तास संध्याकाळी सहापर्यंत! सकाळी वाटीभर ओट्स, दुपारी मेन्सात बटाटा म्हणून काही नाही, घरी पोचेपर्यंत अंधार. पैसे वाचतात म्हणून तिला ते बरंच वाटत होतं. जानेवारीत व्हिडिओ कॉलवर गळ्याची हाडं दिसायला लागली. वजन पाच किलोने उतरलं होतं, तपासणीत हिमोग्लोबिनही कमी निघालं.

त्या दिवशी तिने स्पष्टच विचारलं, "आई, मी नियम सोडू का?"

मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी फोन घेतला. "सोडू नकोस आणि उपाशीही मरू नकोस. मुदत घालून घे." रत्नकरंडक श्रावकाचारात आचार्य समंतभद्रांनी यम आणि नियम वेगळे सांगितले आहेत. जन्मभरासाठी घेतात तो यम, ठरावीक काळासाठी घेतात तो नियम. पाठशाळेत हे आपण सगळ्याच शिकलो आहोत, परीक्षेपुरतं. सासूबाईंनी ते नातीच्या डब्यात बसवलं. फेब्रुवारीअखेरपर्यंत अंधार पडल्यावर अन्न नाही, पण दूध आणि पाणी मोकळं. कंदमूळ नाही ते नाहीच. मार्चमध्ये पुन्हा विचार करायचा. उन्हाळ्यात तर तिकडे साडेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा हीच पोरगी आठ वाजता आरामात जेवते आणि आजीला चिडवते.

यात मला जे पटलं ते हे, की आधी दुपारचं जेवण पक्कं करायचं. नियम त्याच्या आधाराने आपोआप पाळला जातो. तिला पावणेदोन ते सव्वादोन सुट्टी असते. तेवढ्यात भरपेट डबा खायचा, आणि तो डबा सकाळी कुकरमध्येच झाला पाहिजे. सकाळी दोन भांडी लावणाऱ्या मुलीला बाहेर खायची वेळ येत नाही आणि पैसेही तिथेच वाचतात.

आता बाजाराचं. लाल मसुरीला तिकडे 'रोटे लिन्झेन' म्हणतात, साध्या सुपरमार्केटात मिळते, भिजवावी लागत नाही. मूगडाळ आणि तूरडाळ भारतीय किंवा तुर्की दुकानात मोठ्या पिशवीतून घेतलेली स्वस्त. कणकेसाठी पाकिटावरचा आकडा बघायचा. ४०५ म्हणजे आपला मैदा, १०५० म्हणजे थोडा कोंडा असलेलं पीठ, आणि 'फोलकोर्न' म्हणजे सबंध गव्हाचं. माझी लेक १०५० आणि फोलकोर्न निम्मं-निम्मं मिसळते, पोळी बरी होते म्हणते. भाजीत कोबी आणि कोलराबी सगळ्यांत परवडतात. कोलराबी म्हणजे आपला नवलकोल. गड्ड्यासारखा दिसतो म्हणून मुली घाबरतात, पण तो जमिनीच्या वर वाढतो, कंदमूळ नव्हे. रविवारी दुकानं बंद, म्हणून खरेदी शनिवारी. पाण्याच्या बाटल्या साठवून परत दिल्या की एकेका बाटलीचे २५ सेंट मिळतात, त्यात तिची कोथिंबीर निघते!

दुधाच्या पदार्थांत मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. चीजच्या पाकिटावर 'लाब' शब्द असतो. तो वासराच्या पोटातला असू शकतो. 'मिक्रोबिएलेस लाब' असेल तर चालेल. पार्मेझान कधीच नाही. क्वार्क नावाचा पदार्थ अगदी चक्क्यासारखा, स्वस्त आणि प्रथिनांचा, पण त्यातही लाब वापरतात, म्हणून आधी चौकशी करून मगच घ्यायचा. आणि डाळ-खिचडीबरोबर नको, द्विदल होतं. मऊ गोळ्या-चॉकलेटांत आणि काही दह्यांत जिलेटिन असतं. ब-१२ आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी जायच्या आधीच करून घ्या. तिकडच्या हिवाळ्यात ऊन औषधालाही मिळत नाही.

परदेशात पोटाला चिमटा घेऊन शिकणं काही आजचं नाही. १८८८ मध्ये गांधीजी लंडनला निघाले तेव्हा बेचरजी स्वामी या जैन साधूंनीच त्यांना मांस-मद्य न घेण्याची प्रतिज्ञा दिली होती. सुरुवातीला ते अर्धपोटीच राहिले. पुढे फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सापडलं, आणि नंतर खोलीवरच सकाळी ओट्सची लापशी आणि रात्री कोको-पाव करून दिवसाला एक शिलिंग तीन पेन्समध्ये भागवू लागले. डॉ. आंबेडकर १९२० नंतर लंडनला शिकत होते, तेव्हा रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले चार पापड तळून कपभर दुधाबरोबर खायचे, असं धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. ते वाचल्यापासून मी पापड लाटताना एक डबा जास्तीचा लाटते.

आपला माण तालुका दुष्काळी. पाऊस झाला नाही तरी घर चालावं म्हणून आपल्या सासवांनी जे टिकाऊ करून ठेवलं, तेच या पोरींना उपयोगी पडतं. भाजलेल्या हुलग्याचं पीठ दोन किलो द्या. गूळ घालून माडगं दहा मिनिटांत होतं आणि बर्लिनच्या थंडीत अंगात ऊब येते. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, तेलातले खाकरे, मूगवड्या द्या. तूप, पेढा, खवा देऊ नका. युरोपात बाहेरून दूध-दुभत्याचे पदार्थ न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. तूप तिकडे लोण्याचं कढवता येतं, पाव किलोची बिनमिठाची वडी मिळते.

तीन लिटरचा कुकर द्या. आणि त्याच्या दोन रबरी रिंगा जास्तीच्या. तिकडे आपल्या कुकरची रिंग सहज सापडत नाही, आणि रिंग गेली की मुलगी पुन्हा पावावर येते.