विवर

अकोल्या-अमरावतीच्या पोरांना ‘विवर’ म्हटलं की लोणार आठवतं. अशनी आदळून बेसॉल्टच्या खडकात पडलेला, जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा. काठावरून उतरत जायचं, तळाशी खारं पाणी. इथे विज्ञानकथा लिहिणाऱ्याला या चित्राशी फार झगडावं लागतं. अमरावतीत कथालेखन शिकवताना एका मुलानं यान कृष्णविवरात नेलं आणि थेट बुडाशी उतरवलं. ‘मंग लोणारसारखंच असन ना सर?’ त्याचा प्रश्न मला रास्त वाटला. शब्दानंच त्याला तिथे नेलं होतं.

कृष्णविवरात पाय टेकायला तळ नाही. प्रचंड वस्तुमान इतक्या लहान जागेत दाबलं गेलेलं, की जवळ गेलेला प्रकाशही सुटत नाही. ते आसपासचं सगळं ओढून गिळतं, ही समजूत तर कथा-सिनेमांनीच पसरवली. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर आलं, तर पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरत राहील. फक्त अंधारात, गोठत. मला गिळण्यापेक्षा या फिरत राहण्यात मोठी कथा दिसते.

तरी शब्द बदला असं मी म्हणणार नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ साली आद्याक्षरं उलटी करून, ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली आणि ती पहिली आली. तिचं नावच ‘कृष्णविवर’. तो शब्द आता आपला आहे. ‘रोबो’ही तसाच बदलत आला. कारेल चापेकच्या १९२०च्या नाटकातले रोबो कृत्रिम मांसाचे होते. आज कारखान्यातला लोखंडी हातसुद्धा रोबो. लोकांनी वापरून केलेल्या या बदलाला चूक म्हणणं मला पटत नाही.

‘हजारो प्रकाशवर्षांपूर्वी’ मात्र मला सहन होत नाही. प्रकाशवर्ष हे अंतर आहे, सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. सूर्यानंतरच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याकडे निरोप धाडला, तर उत्तर यायला साडेआठ वर्षं लागतात. त्या वाट पाहण्यावरच विज्ञानकथा उभी राहते. अंतराला काळ म्हटलं, की ती वाटच पुसली जाते.

म्हणून नव्या लेखकांना विनंती आहे. तुमची पात्रं वऱ्हाडीत बोलोत, ‘तारा तुटला’ म्हणोत. निवेदन मात्र तुमचं असतं. तिथे आकाशात जळते ती उल्का आणि हाती लागतो तो दगड अशनी, एवढा भेद पाळा. आणि प्रकाशवर्षाचा हिशेब मांडल्याशिवाय कथा संपादकांकडे पाठवू नका.