काय तरी चावला

रात्रपाळी संपवून घरी येताना मी नांदगाव तिठ्यावर चहाला थांबतो. मुंबई-गोवा महामार्गाला इथे देवगडचा रस्ता मिळतो, दुसऱ्या अंगाला फोंडाघाट. त्यामुळे पंचक्रोशीतली बातमी आधी टपरीवर पोचते, मग घराघरात. "राती त्या पोराक घेऊन गेल्ले, तेका काय झाल्ला?" कुणी ना कुणी विचारतंच. खरं उत्तर बहुतेक वेळा "अजून कळलेलं नाही" असंच असतं. ते ऐकून विचारणारा हिरमुसतो. मग रात्रभर डॉक्टरने केलं काय, हे तो बोलत नाही, पण मला ऐकू येतं.

त्याचं चुकत नाही. आपल्याकडे डॉक्टर म्हणजे आजाराचं नाव सांगणारा माणूस. कॅज्युअल्टीत मात्र नावाचा नंबर दुसरा लागतो. आधी पाहायचं ते हे, की पुढच्या तासाभरात या माणसाचा जीव कशाने जाऊ शकतो आणि त्यातलं काय आपल्याला अडवता येईल. श्वास, नाडी, रक्तदाब, साखर, शुद्ध. आपल्या देशात या कामाला स्वतंत्र पदव्युत्तर शाखा म्हणून मान्यता मिळाली ती 2009 साली. शाखा नवी, अंधारात चाचपडणं मात्र वैद्यकाइतकंच जुनं.

आमच्याकडे पावसाळ्यात हे चाचपडणं तीन शब्दांत दारात येतं : "काय तरी चावला." मेरेवरून येताना, पडवीत झोपलेलं असताना, शेणी काढताना. काय चावलं ते दिसलेलं नसतं. पाय धुतल्यावर एक ओरखडा दिसतो, तो दाताचाही असेल आणि करवंदीच्या काट्याचाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांवर आपली सर्पदंशाची लस चालते. कोकणातल्या झाडीत हिरवा चापडाही असतो, त्याच्यावर तिचा भरवसा नाही. शिवाय विंचू, गोम, बिनविषारी धामण, आणि साधा उंदीर.

अशा वेळी आमच्याकडे एक अगदी गरीब तपासणी आहे. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडं रक्त घ्यायचं आणि 20 मिनिटं तिला हात लावायचा नाही. प्लास्टिकची नळी चालत नाही, कारण गोठण्याची क्रिया काचेच्या स्पर्शानेच नीट सुरू होते. वेळ झाली की नळी एकदा तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरशाचा संशय पक्का. गोठलं तर? तर एवढंच, की आत्ता या घडीला रक्त गोठतंय. मण्यारीच्या विषाचा रोख रक्तावर नसतोच. नसेकडून स्नायूला जाणारा निरोप ते तोडतं. तिचा दंश दुखत नाही, पुष्कळदा खूणही दिसत नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे उठतो तो पोटदुखी आणि उलटीची तक्रार घेऊन, आणि पापण्या जड व्हायला लागल्यावर सगळ्यांच्या लक्षात येतं.

मग लस देऊनच का टाकत नाही, असं नातेवाईक विचारतात. ती घोड्याच्या रक्तद्रवापासून बनते. सुरुवातीलाच साधारण 10 कुप्या द्याव्या लागतात, आणि एखाद्याला तिचीच इतकी तीव्र ॲलर्जी येते की रक्तदाब कोसळतो, ॲड्रेनालिन टोचावं लागतं. तेव्हा "द्या" म्हणण्याचीही किंमत आहे आणि "थांबा" म्हणण्याचीही. मधल्या वेळात मी रुग्णाला पापण्या वर करायला लावतो, उशीवरून मान उचलायला सांगतो, एका श्वासात आकडे मोजायला लावतो. मघाशी तिसापर्यंत गेलेला माणूस आता विसावरच थांबला, तर मण्यारीने उत्तर दिलं असं समजायचं आणि श्वासनलिकेत नळी घालायची तयारी करायची. ही मोजणी कंटाळवाणी आहे, आणि या साऱ्या कामात मला तीच सगळ्यांत मोलाची वाटते.

महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं नाव इथे घ्यायलाच हवं. 1976 मध्ये ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट पोरं दगावत आणि नेमकं कशाने, ते उमगत नसे. बावस्कर खाटेपाशी बसून राहिले आणि तासातासाची नोंद ठेवत गेले : उलटी, दरदरून घाम, बर्फासारखे हातपाय, मग फुप्फुसात भरणारं पाणी. कोणती लक्षणं हृदयावरच्या संकटाची वर्दी आधी देतात, हा त्यांचा लेख 1982 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी त्यांनी या रुग्णांना दिली आणि 40 टक्क्यांच्या घरातला मृत्युदर एक टक्क्याच्या आसपास आला. लोकांना ती गोळी आठवते. मला आठवतात त्या गोळीच्या आधीच्या रात्री, जेव्हा त्यांच्याजवळ फक्त वही होती.

तापाचं तर विचारूच नका. जुलै-ऑगस्टमध्ये शेतात राबणाऱ्याला ताप आला की सगळ्यांच्या तोंडी लेप्टो. बरेचदा ते बरोबरही असतं, आणि अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करणंच शहाणपणाचं. पण जानेवारी 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात ताप आला तो काजूबागांच्या हंगामात, आणि रानात माकडं मरून पडत होती. तो निघाला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, माकडताप. 1957 साली कर्नाटकात शिमोग्याच्या जंगलपट्ट्यात पहिल्यांदा ओळखला गेलेला, गोचिडीतून पसरणारा. ओळख पटायला प्रयोगशाळा लागली. त्यातल्या पहिल्या रुग्णाच्या केसपेपरवर कुणी "ताप, कारण अस्पष्ट" एवढंच लिहिलं असेल, तर मी त्याला पूर्ण गुण देईन.

कारण घाईने दिलेलं नाव चिकटतं. छातीखाली जळजळ होतेय म्हणून आलेल्या काकांच्या चिठ्ठीवर "ॲसिडिटी" असं लिहिलं गेलं की पुढचे डॉक्टर आधी ती चिठ्ठी वाचतात, मग काकांना. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका असाच पोटाच्या वेषात येतो. पहिला ईसीजी स्वच्छ असू शकतो आणि रक्तातलं ट्रोपोनिन वाढायला काही तास जातात. म्हणून मी लिहितो : "पोटात वरच्या बाजूला दुखतं. हृदयविकार नाकारलेला नाही. ईसीजी पुन्हा तीन वाजता." दिसायला हे गबाळं दिसतं, पण पुढच्याला जागं ठेवतं.

अडलेल्या प्रश्नावर आमच्या गावांत देवाला कौल लावतात. उजवा पडला तर होय, डावा पडला तर नाही. रात्री दोन वाजता दाराबाहेर उभ्या असलेल्या बापाला माझ्याकडूनही तसाच कौल हवा असतो : "वाचतलो मां?" माझ्याकडे ना उजवा असतो ना डावा. मी त्याला आत्तापर्यंत काय कळलं ते सांगतो, काय कळलेलं नाही ते सांगतो, आणि पुन्हा किती वाजता येऊन बोलेन ते सांगतो. यातलं शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. तीन म्हटलं की तीनला जायचं, नवीन काही सांगण्यासारखं नसलं तरी. "नक्की माहीत नाही" म्हटलं तर लोक अंगावर येतील, अशी तरुण डॉक्टरांना धास्ती असते. मी पाहिलेली बहुतेक भांडणं मात्र तासन्‌तास कुणी बाहेरच न आल्यामुळे झालेली आहेत.

आणि स्वतःचं काय करायचं? घरी आल्यावर पापणी मिटत नाही. धुतलेला तो पाय, तो ओरखडा पुन्हा पुन्हा समोर येतो. पुस्तकं उपसून मला कधी झोप आलेली नाही. उपयोग होतो तो सकाळी पाळी सोपवताना पुढच्या डॉक्टरला आणि सिस्टरला मोठ्याने विचारण्याचा : "माझ्या नजरेतून काय सुटलं असेल?" सिस्टर पुष्कळदा नेमकं बोट ठेवतात, रात्रभर रुग्णाजवळ त्याच असतात. त्यानंतर ते ओझं एकट्याचं राहत नाही.

एक गोष्ट मात्र आमच्या हातात नाही. इथून पुढे पाठवलेल्या कितीतरी रुग्णांचं शेवटी काय निघालं, ते आम्हाला कळतच नाही. मण्यारच होती का? तो ताप कसला होता? उत्तर न कळता कुणाचा अंदाज सुधारायचा? तेव्हा मोठ्या रुग्णालयातल्या सहकाऱ्यांना एवढीच विनंती, की अंतिम निदान झालं की दोन ओळी कळवा, माणूस वाचला नसला तरी. आमच्या चिठ्ठीच्या तळाशी फोन नंबर लिहिलेला असतो.