घात आली की पेरायचं

मंगळवेढ्याच्या काळ्या शिवारात आमची रब्बीची ज्वारी जिरायत असते. पावसाळ्याच्या शेवटी जमिनीत जेवढं पाणी मुरेल, तेवढ्यावरच तिनं उगवायचं, पोटरीला यायचं आणि कणीस भरायचं. पुस्तकात पेरणीची वेळ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर अशी महिनाभराची दिलेली असते. रानात एवढी सवड कधीच मिळत नाही. पाऊस उघडतो, रान घातीवर येतं, म्हणजे पेरण्याजोगी ओल होते, आणि ऊन तापलं की दोन-चार दिवसांत वरची ओल उडून जाते.

पूर्वी हे ठरवायचं काम मामांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं होतं. सकाळी रानात उकिडवं बसून ते चार बोटं माती उकरायचे, मूठभर माती दाबून तिचा गोळा करायचे आणि खाली सोडायचे. गोळा पडून फुटला की पाभर काढायची. चिकटून राहिला तर थांबायचं. आणि गोळाच होत नसेल तर उशीर झाला. पुढे त्यांचे गुडघे धरले. माझे मालक पुण्याला नोकरीत. रानाचं माझ्याकडे आलं.

एका वर्षी उत्तरा नक्षत्र कोरडं गेलं. हस्तात एका रात्री चांगला पाऊस झाला आणि लगेच ऊन पडलं. मी माती दाबून पाहिली, गोळा फुटला. भावकीतले भाऊजी बांधावरून म्हणाले, “वहिनी, घाई नका करू. हस्त आत्ता कुठं लागलाय. आणखी एक पाऊस हाय.” त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पेरल्यावर उगवण व्हायच्या आत मोठा पाऊस आला तर जमीन आवळते, कोंब वर येत नाही, बी वाया जातं. फोनवर मालकही म्हणाले, “दोन दिवस बघूया का?” मी म्हटलं, “अहो, ओल थांबायची नाही. ट्रॅक्टर सांगितलाय.”

हे मी चटकन बोलू शकले, कारण विचार आधीच करून झाला होता. कुळवाच्या पाळ्या झाल्या होत्या. काणी येऊ नये म्हणून बियाण्याला किलोमागे ४ ग्रॅम गंधक चोळून ठेवलं होतं. खोल काळ्या रानात मालदांडी आणि मुरमाड पट्टीत फुले अनुराधा, हेही ठरलं होतं. घातीच्या दिवशी सगळ्या गावाला ट्रॅक्टर हवा असतो, म्हणून विसार आधीच दिला होता. राहिला प्रश्न नुकसानीचा. एकराला बी लागतं साधारण ४ किलो, आणि दुबार पेरणीपुरतं मी बाजूला काढून ठेवलं होतं. पेरणी फसली तर बी आणि भाडं जाणार होतं. ओल चुकली तर वर्षाची भाकरी आणि जनावरांचा कडबा. हे दोन्ही तोटे शेजारी शेजारी मांडल्यावर आणखी घोळ घालण्यासारखं मला काही दिसेना.

आमचं मंगळवेढं दामाजीपंतांचं गाव. दुष्काळात बिदरच्या बादशहाची परवानगी न घेता त्यांनी धान्याची कोठारं लोकांना खुली केली, ही गोष्ट इथं भक्तीनं सांगतात. मला नेहमी वाटतं, कोठारात किती धान्य आहे आणि दारात किती भुकेले आहेत, हे त्यांना आधीपासून पक्कं ठाऊक असणार. म्हणून कुलूप काढताना त्यांचा हात अडखळला नसेल.

ट्रॅक्टर आला तो दिवस कलल्यावर. मी मागून चालत तास उकरून बघत होते. वरचा थर उन्हानं सुकला होता आणि बी त्या सुक्या मातीतच पडत होतं, तर खालची काळीशार ओल दोन बोटं खाली होती. मी हात करून ट्रॅक्टर थांबवला आणि फण खाली घ्यायला सांगितलं. डिझेल जास्त जातं म्हणून चालकानं कुरकुर केली. मी म्हटलं, वरचे पैसे घे, पण बी ओलीत पडलं पाहिजे. मग पाच सेंटिमीटरपर्यंत बी जाऊ लागलं. माझ्या मते पेरणीचा दिवस ठरवण्याइतकंच ते फण खाली घेणं महत्त्वाचं होतं. उरलेलं रान दिव्याच्या उजेडात पेरलं.

पुढचा पाऊस आलाच नाही. काळ्या रानात तासच्या तास उगवले. मुरमाड पट्टीत खाडे पडले, तिथं माझा अंदाज कमी पडला असं मी म्हणणार नाही. त्या जमिनीत ओल धरायची ताकदच कमी. भाऊजींनी ओल गेल्याचं पाहिल्यावर ज्वारीचा नाद सोडला आणि विहिरीच्या पाण्यावर हरभरा केला. तोही चांगला आला. त्यांना थांबणं परवडलं, कारण विहिरीत पाणी होतं. ज्याच्याकडे पाणी नाही, त्यानं त्यांच्या सल्ल्यानं चालू नये, एवढं मला तेव्हा कळलं आणि मी ते बायकांच्या गटातही सांगते.

पेरणीनंतर आठव्या आठवड्यात रानाला भेगा पडायला लागल्या की दातेरी कोळपं फिरवून त्या बुजवाव्या लागतात, नाहीतर खालची ओल भेगांतून उडून जाते. तेव्हा मजूर ऊसतोडीला गेलेले असतात. त्या वर्षी मी कोळप्याचा माणूस दिवाळीआधीच बोलून ठेवला होता.