जुनी मोटार आणि त्रैराशिक

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ असें आपले वाडवडील सांगत आले. त्यांच्या काळीं खेडोपाडीं मोटारी असत्या, तर ‘जुनी मोटार पाहावी घेऊन’ हें तिसरें वाक्य त्यांनीं खचित जोडलें असतें. कारण घर व लग्न यांप्रमाणेंच या व्यवहारांतहि पैसा थोडा, सल्लागार पुष्कळ आणि परिणाम मात्र घरांतील सर्वांनीं भोगावयाचा, असा प्रकार असतो. गेल्या वर्षीं आमच्या कुटुंबावर हा प्रसंग आला. त्यांतून जें शिकावयास मिळालें, तें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें सादर करीत आहों.

चिखली तालुक्यांतील उंद्री हें आमचें गांव. आमच्या मातोश्रींनीं पंचाहत्तरी ओलांडलेली. गुडघ्यांनीं साथ सोडलेली. आणि उपचारासाठीं महिन्यांतून दोन वेळां त्यांस अकोल्यास नेणें भाग. एस.टी.नें खामगांवपर्यंत जावें, तेथें गाडी बदलावी, आणि त्यांची चाकांची खुर्ची दोघांनीं उचलून वर चढवावी, हा क्रम दोन वर्षें चालला. पुढें पुढें त्या स्वतःच म्हणूं लागल्या, “बाबा, आतां नको मला अकोला. तुमचे हाल पाहवत नाहींत.” औषधोपचार थांबवून चालणार नाहीं, हें आम्ही जाणत होतों आणि त्याहि जाणत होत्या. अर्थात् गाडी हा आमच्या घरीं हौसेचा विषय उरला नव्हता.

शेतांतील सोयाबीनचे व पगारांतून शिल्लक टाकलेले मिळून तीन लक्ष रुपये जवळ होते. कन्येच्या पुढील शिक्षणासाठीं ठेवलेली रक्कम निराळी होती. तिला हात लावावयाचा नाहीं, ही अट आमच्या सौभाग्यवतींनीं प्रथमच घातली. “अहो, गाडी दारीं उभी राहिली आणि पोरीचें शिक्षण अडलें, असें होतां कामा नये,” हे त्यांचे शब्द. तेव्हां नव्या गाडीचा विचार सोडून आम्ही जुन्या गाड्या पाहूं लागलों.

गांवांत ही वार्ता पसरतांच सल्ल्यांचा पाऊस पडला, आणि बहुतेकांचा सूर एकच, “डिझेलच घ्या.” आमच्या मामांनीं तर निक्षून सांगितलें, “भाचेबुवा, पेट्रोलची गाडी म्हणजे दारांत हत्ती बांधणें. घ्याल, पण पोसाल कशी?” मामांनीं चाळीस वर्षें ट्रॅक्टर, जीप व टेम्पो हांकलेले. त्यांचा शब्द सहज मोडण्यासारखा नव्हता.

परंतु हा सल्ला कोणत्या काळीं जन्मास आला, तेंहि पाहिलें पाहिजे. शेती व मालवाहतूक यांवर डिझेलच्या भावाचा भार पडूं नये म्हणून सरकार पुष्कळ वर्षें तो उतरता ठेवीत असे. त्यामुळें डिझेलची मोटार बाळगणारास चालविण्याचा खर्च फार थोडा येई. पुढें जून २०१० मध्यें पेट्रोलचा व ऑक्टोबर २०१४ मध्यें डिझेलचा भाव सरकारी बंधनांतून मोकळा झाला आणि दोहोंमधील अंतर पुष्कळ कमी झालें. मामांचा हिशेब त्यांच्या काळीं बरोबरच होता. मात्र त्यांतील आंकडे बदलले होते.

आतां या दोन एंजिनांचा भेद थोडक्यांत सांगतों. १८७६ सालीं जर्मनींत निकोलाउस ओटो यानें चार फेऱ्यांचें एंजिन चालवून दाखविलें. आजचें पेट्रोल एंजिन त्याच वंशांतील. त्यांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण सुमारें दहावा हिस्सा होईपर्यंत दाबलें जातें व विजेच्या ठिणगीनें पेटविलें जातें. रुडॉल्फ डिझेल याचें एंजिन १८९७ सालीं औग्सबुर्ग येथें यशस्वी ठरलें. त्यांत ठिणगी नाहींच. नुसती हवा पंधरावा-विसावा हिस्सा होईपर्यंत दाबावयाची, आणि ती तापली कीं तींत तेलाचा सूक्ष्म फवारा सोडावयाचा. तो आपोआप पेट घेतो. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंप गरम लागतो, हें प्रत्येक विद्यार्थ्यानें अनुभविलेलें आहे. तेंच तत्त्व येथें आहे.

एवढा दाब सोसण्यासाठीं डिझेल एंजिन जड व भक्कम करावें लागतें, आणि फवाऱ्याचे भाग फार नाजुक घडणीचे असतात. म्हणून तें महाग, व दुरुस्तीहि महाग. उलटपक्षीं तें तेवढ्याच तेलांत अधिक काम देतें आणि कमी वेगांतहि ओढण्याची शक्ति मोठी असते. बुलढाण्याहून खामगांवच्या वाटेवर बोथ्याचा घाट लागतो. तेथें पांच माणसें व सामान घेऊन चढतांना डिझेल गाडी सुखानें चढेल, पेट्रोलच्या गाडीस गिअर उतरवावा लागेल. हा मामांचा मुद्दा आम्हीं मान्य केला.

यानंतर दहावींत शिकणाऱ्या आमच्या कन्येनें वही उघडली. अकोल्याच्या दोन फेऱ्या, चिखलीचा बाजार व कधीं शेगांव मिळून महिन्यास ५०० किलोमीटर, म्हणजे वर्षास ६,००० किलोमीटर होत होते. पेट्रोल १०५ रुपये व डिझेल ९२ रुपये लिटर धरलें; पेट्रोल गाडी लिटरास १६ किलोमीटर व डिझेल गाडी २० किलोमीटर जाईल असें धरलें. पेट्रोलचा खर्च किलोमीटरास ६ रुपये ५६ पैसे व डिझेलचा ४ रुपये ६० पैसे निघाला. फरक १ रुपया ९६ पैसे. वर्षाची बचत ११,७६० रुपये. मिस्त्रींच्या मतें डिझेलच्या देखभालीस वर्षाकाठीं ५,००० रुपये अधिक लागणार. उरले ६,७६०. आम्हीं पाहिलेल्या दोन सारख्या वयाच्या गाड्यांत डिझेलची गाडी ६०,००० रुपयांनीं महाग होती. ही जादा रक्कम भरून निघण्यास जवळजवळ नऊ वर्षें लागणार!

दोन्ही गाड्या २०१६ च्या. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें तपासणी करून ती पांच पांच वर्षांनीं वाढवावी लागते. म्हणजे बचत हातीं येण्यापूर्वींच नोंदणीची मुदत सरणार होती. मामांनीं वही दोनदां वाचली व हंसून म्हणाले, “पोरी, तुझा हिशेब खरा. पण माझा टेम्पो वर्षाला वीस हजार किलोमीटर पळे, त्याचें काय?” तिनें तोहि हिशेब केला. २०,००० किलोमीटरांस बचत ३९,२०० रुपये. देखभालीचा जादा खर्च दुप्पट धरला तरी २९,२०० उरतात आणि साठ हजार दोन वर्षांत सुटतात. तेव्हां मामांस डिझेल व आम्हांस पेट्रोल, असा निवाडा झाला. १ एप्रिल २०२० नंतरच्या बी.एस. ६ डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी जाळी असते. ती साफ राहण्यासाठीं गाडी मधूनमधून लांब पल्ल्यावर पळावी लागते, हेंहि थोडें फिरणारांनीं ध्यानांत ठेवावें.

सी.एन.जी.चा खर्च कमी खरा. परंतु त्याचें नळकांडें डिकी व्यापतें, आणि आमच्या डिकींत चाकांची खुर्ची मावणें अवश्य होतें. शिवाय त्या नळकांड्याची दर तीन वर्षांनीं दाबाची परीक्षा करावी लागते. विजेच्या जुन्या गाडींत सारी किंमत बॅटरींत. तिची उरलेली शक्ति पारखण्याची सोय आम्हांजवळ नव्हती. पेट्रोलहि निर्दोष नव्हे. हल्लीं पेट्रोलमध्यें २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें, आणि एप्रिल २०२३ पूर्वींच्या बहुतेक गाड्या त्यासाठीं घडविलेल्या नव्हेत. मायलेज थोडें घटतें. रबरी नळ्यांवर लक्ष ठेवावें लागतें. म्हणूनच हिशेबांत आम्हीं मायलेजचा आंकडा हात राखून धरला होता.

गाडी पाहावयास जातांना मिस्त्रींस संगें घेतलें. त्यांनीं प्रथम बॉनेटवर हात ठेवला. एके ठिकाणीं तें आधींच गरम होतें; थंड एंजिन सुरू होण्यास कुरकुरतें, तें झांकण्याची ही युक्ति, असें सांगून ते परत फिरले. निळा धूर म्हणजे एंजिन ऑइल जळतें. ऑइलच्या झांकणास दुधासारखा साका म्हणजे आंत पाणी शिरलें. टायर एका अंगानें झिजलेले म्हणजे खालचे सांधे तपासावे. मीटर मागें फिरवितां येतें, पण पायाखालच्या पेडलांची झीज खरें बोलते.

कागदपत्रांसहि तितकेंच महत्त्व द्यावें. एम.एच. २८ हा आपल्या जिल्ह्याचा क्रमांक. जिल्ह्याबाहेरील गाडी असल्यास तेथील आर.टी.ओ.चें नाहरकत पत्र लागेल का, तें आधीं विचारावें. आर.सी. बुकावर बँकेचा बोजा असल्यास तो उतरविल्यावांचून पैसे देऊं नयेत. एकाच राज्यांतील व्यवहार असल्यास विकणारानें १४ दिवसांच्या आंत फॉर्म २९ द्वारा कळवावें, घेणारानें ३० दिवसांच्या आंत फॉर्म ३० भरावा, व विमाहि १४ दिवसांच्या आंत आपल्या नांवें करण्यास अर्ज द्यावा.

शेवटीं २,३५,००० रुपयांस पेट्रोलची गाडी ठरली. उरलेल्या पासष्ट हजारांतून टायर, बॅटरी व विमा झाला, आणि कांहीं रक्कम दुरुस्तीसाठीं बाजूस ठेवली. मातोश्रींची एकहि फेरी तेव्हांपासून चुकलेली नाहीं, आणि कन्येची फी वेळेवर भरली गेली.

विद्यार्थिमित्रांनो, वर्गांत त्रैराशिक मांडतांना ‘याचा पुढें उपयोग काय?’ असा प्रश्न तुमच्या मनांत येत असेल. वडील माणसांच्या अनुभवाचा अनादर न करतां त्यांचें म्हणणें आजच्या आंकड्यांवर पारखून पाहणें, हाच तो उपयोग. एंजिन कोणतें चांगलें, हें विचारण्यापूर्वीं आपलें काम किती, तें मोजावें. ज्यानें काम मोजलें, त्यास थोड्या पैशांतहि योग्य वस्तु निवडतां येते, आणि ती निवडतांना घरांतील कोणाच्याहि वाट्यास उणें येत नाहीं.