नऊ तासांचें अंतर

शाळेंत मीं पस्तीस वर्षें संस्कृत शिकविलें. परंतु शिक्षक अपुरे पडत तेव्हां काळ-काम-वेगाचीं गणितेंही मजकडे येत. त्याच जातीच्या एका गणितांत साठी उलटल्यावर माझ्या हातून चूक झाली. तिचा उपयोग इतर कुटुंबांस व्हावा, म्हणून हा लेख.

आमचें घर वाईस. माझा पुतण्या लंडनास असतो. तो प्रथम गेला तेव्हां मीं नातवंडांना जवळ बसवून पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून दाखविला होता. भिंतीवरील नकाशांत सरळ रेघ काढली तर ती इराकवरून जाते. दोरा मात्र उत्तरेकडे सरकून कॅस्पियन व काळा समुद्र यांच्या मधून गेला. हीच खरी जवळची वाट. सुमारे ७,२०० किलोमीटर. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडियाचें पहिलें विमान मुंबईहून लंडनास निघालें, तें कैरो व जिनीव्हा येथें उतरत गेलें. आतां मध्यें थांबावें लागत नाहीं. जातांना दहा तास, येतांना नऊ. कारण उंचावरील वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. हें सारें मला तोंडपाठ होतें, आणि त्याचा थोडा अभिमानही होता.

गेल्या पौषांत रात्रीं आठ वाजतां आमचे वडील बंधू अण्णा निवर्तले. तिकडे दुपारचे अडीच वाजले होते. पुतण्याचा फोन आला, "काका, रात्रीं नऊचें विमान मिळालें आहे. मी येईपर्यंत थांबा." मीं लगेच बोटें मोजलीं. नवांत नऊ मिळविले. पहांटे सहाला मुंबई, अकरापर्यंत दारांत! त्याप्रमाणें सर्व आप्तांना कळविलें.

त्याचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे अडीच, हें त्या घटकेस मला सुचलें नाहीं. हिवाळ्यांत आपलें घड्याळ लंडनच्या साडेपांच तास पुढें असतें, उन्हाळ्यांत साडेचार. विमान मुंबईस उतरलें तें साडेअकराला. पुढें सामानाचा व तपासणीचा खोळंबा, आणि वाईपर्यंत पांच तासांचा रस्ता.

अकरा वाजतां अंगण माणसांनीं भरलें होतें. दुपारीं पुतण्याचा मुंबईहून फोन आला तेव्हां माझी चूक उघड झाली. गुरुजी म्हणाले, आतां अधिक ठेवणें बरें नव्हे. परगांवच्या मंडळींनाही परतावयाचें होतें. दोन वाजतां आम्ही कृष्णाकांठीं गेलों. मुलगा वाटेवर असतां अग्नि मीं दिला.

सांज झाल्यावर तो आला. रिकामी ओसरी पाहून उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. मीं माझी चूक सांगितली. तो म्हणाला, "काका, इथली वेळ मीच सांगायला हवी होती." वहिनी मात्र एवढेंच बोलल्या, "भावोजी, रात्रींच नीट कळलें असतें तर बर्फ आणून ठेवला असता." त्यावर मजजवळ उत्तर नव्हतें, आजही नाहीं.

आतां फोनशेजारीं मीं एक कागद चिकटविला आहे. त्यावर विमानाचे नऊ तास आहेत, विमानतळावर आधीं पोहोंचण्याचे तीन, उतरल्यावरचे दीड, वाटेचे पांच, आणि दोन्ही ऋतूंतील घड्याळाचा फरक. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत त्यांनीं असा कागद मुलांसमक्ष तयार करावा. आणि कोणासाठीं किती थांबावयाचें, हेंही घरांतील सर्व मंडळी धडधाकट आहेत तोंवरच बोलून ठेवावें.