पिन मागितली त्यांनी, बनवली आम्ही

दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की आमच्या वेल्डिंगच्या दुकानासमोर ट्रॅक्टर उभे राहू लागतात. आमच्या सांगली भागात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडतात. तो सगळा भार हुकातल्या पिनांवर असतो. पिन तुटली की शेतकरी धावत येतो, "भाई, काहीतरी जुगाड करा, कारखान्यावर नंबर लागलाय." आम्ही भाऊ बांधकामाची सळई कापून, वर डोके वेल्ड करून दहा मिनिटांत पिन हातात द्यायचो. लोक दुवा द्यायचे.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका पिनेचे डोके चढावर निखळले. पिन खाली गळून पडली आणि भरलेली ट्रॉली मागे घसरत बांधावर आदळली. अल्लाहची कृपा, मागे कोणी नव्हते. पण थोड्याच वेळापूर्वी त्या रस्त्याने शाळेची मुले सायकलींवरून गेली होती.

अब्बांनी ती पिन हातात घेऊन पाहिली. वेल्डच्या कडेला जुना तडा होता. सळई काँक्रीटमध्ये राहण्यासाठी असते, ट्रॉलीचे हिसके खाण्यासाठी नव्हे. चांगल्या पिनेचे पोलाद वेगळे असते, उष्णता देऊन कडक केलेले. त्यावरही वेल्ड मारला तर जोडाजवळचा भाग ठिसूळ होऊ शकतो. हे आम्हाला ठाऊक होते, पण गिऱ्हाईक परत पाठवणे जिवावर यायचे.

ट्रॅक्टरमालक म्हणाले, "चाचा, पिन मीच मागितली होती. पोरांचा काय दोष?"

अब्बा म्हणाले, "पाटील, मागितली तुम्ही, पण बनवली आम्ही."

त्या रात्री त्यांनी आम्हाला समजावले, की वैद्यकीचे ज्ञान नसताना उपचार करणाऱ्यावर नुकसानीची जबाबदारी येते, असे हदीसमध्ये आहे. आपले कामही तसेच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सुद्धा सदोष वस्तूने इजा झाल्यास ती बनवणाऱ्याला भरपाईसाठी जबाबदार धरतो. भरपाई देता येईल, पण गेलेला जीव कुठून आणणार?

ट्रॉली आम्ही मजुरी न घेता दुरुस्त करून दिली. आता दुकानात योग्य मापाच्या तयार पिना आणि क्लिपा ठेवतो, सोबत साखळी लावायला सांगतो. सळईची पिन मागणारे काहीजण पुढच्या दुकानात जातात. धाकटा कुरकुरतो, "ते बनवून देतातच ना!" देत असतील. त्यांचा हिशोब ते देतील, आमचा आम्हाला द्यायचा आहे.