काम असलं तर सांगा की

बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर सकाळी फिरायला येणाऱ्यांत निवृत्त मंडळी पुष्कळ. फेऱ्या संपल्या की गप्पांचा फड जमतो. पेपरातल्या निधनवार्ता आधी, राजकारण नंतर. एखादा नेहमीचा चेहरा आठवडाभर दिसला नाही, तर कुणीतरी विचारतं, "काय की, बरं नाही काय त्यांना?" चौकशी बहुधा तिथंच संपते. उठून त्या माणसाच्या दारापर्यंत जाणारा दहांत एखादाच निघतो, आणि तो साधारण स्वतःही साठी-पासष्टीचा असतो. तरुणांना वेळ नाही हे एक कारण झालं. दुसरं असं, की म्हातारपणी दार लावून बसलेल्या माणसाला पोराटोरांची कीव नको असते. आपल्यासारखाच गुडघा धरून पायऱ्या चढणारा माणूस आला, की तो "या की" म्हणतो.

सीमाभागात हे दार लवकर लागतं. मुलं पुण्याला, बेंगळुरूला, गोव्याला. निपाणीची तरुण पोरं कागल आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत. ती राहतात घरीच, पण पाळी संपवून परततात तेव्हा म्हातारा झोपलेला असतो. त्यात कागदपत्रांचा प्रश्न. आज जे ऐंशीच्या पुढे आहेत, ते मुंबई राज्यातल्या मराठी शाळेत पाटी घेऊन बसले होते. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं आणि सरकारी कागद हळूहळू कानडी झाले. बाजारात हेच आजोबा भाजीवालीशी फर्ड्या कानडीत घासाघीस करतील, पण दारात आलेली नोटीस वाचता येत नाही. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक आहेत, तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असा जुना दंडक आहे. या दंडकाच्या अंमलबजावणीसाठी सीमाभागात मोर्चे निघाले, निवेदनं गेली. आजोबांच्या हातातला कागद मात्र तसाच न वाचलेला राहतो, आणि न वाचलेला कागद हातात धरून बसलेला माणूस घराबाहेर पडायला बिचकतो.

इथं उपयोगी पडतो तो निवृत्त मास्तर, तलाठी कचेरीतला जुना कारकून, पोस्टातून सुटलेला माणूस. दोन्ही लिप्या वाचणारा. कर्नाटक सरकारची संध्या सुरक्षा योजना २००७ पासून आहे, पासष्टीनंतरच्या गरजू वृद्धांसाठी. तिचा अर्ज नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत द्यायचा, सोबत दाखले जोडायचे. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत हे सहीनिशी सांगायचं. असल्या कामाला सोबत म्हणून गेलेला माणूस नकळत बरंच काही करून जातो. रांगेत उभं राहावं लागतं, जुना वर्गमित्र भेटतो, परतताना चहा होतो. पुढच्या खेपेला हेच आजोबा शेजारणीचा कागद घेऊन निघतात. आता ते 'लाभार्थी' नसतात, माहीतगार असतात.

खरी मेख इथंच आहे. "घरी बसून काय करताय, या जरा, मन रमेल," असं म्हटलं तर कुणी येत नाही. मन रमवण्याच्या निमंत्रणात दया असते आणि ती लगेच कळते. "तुमच्याशिवाय अडलंय" म्हटलं की माणूस चप्पल शोधायला लागतो.

बेळगावचे माजी महापौर विजय मोरे यांच्या 'शांताई' परिवाराला हे बरोबर उमगलेलं दिसतं. बामणवाडीजवळच्या शांताई वृद्धाश्रमाचं नाव शहरात परिचित आहेच; पण त्यांच्या 'शांताई विद्या आधार' उपक्रमाची कल्पना फार साधी आहे. घरोघरची रद्दी गोळा करायची, विकायची आणि त्या पैशातून गरीब मुलांच्या शिक्षणाला हातभार लावायचा. म्हाताऱ्यांच्या घरात दुसरं काही नसलं तरी जुने पेपर असतातच, नीट घड्या घालून ठेवलेले. ते न्यायला माणूस येतो, दोन शब्द होतात, आणि घेणाऱ्यांच्या यादीतलं नाव देणाऱ्यांच्या यादीत जातं.

याउलट १ ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन बघावा. शाल, श्रीफळ, फोटो, पाहुण्यांचं लांबलेलं भाषण. सत्कार म्हणजे माणसाला आदरानं निवृत्त करण्याचा प्रकार, असं कधीकधी वाटतं. त्यापेक्षा कडोली, येळ्ळूर, उचगाव, कारदगा इथली गावोगावची मराठी साहित्य संमेलनं जास्त खरी. ग्रंथदिंडीपासून पंगतीपर्यंत कामच इतकं, की हौशी म्हातारा माणूस मोकळा बसूच शकत नाही.

पण हे कट्टे, ही संमेलनं बरीचशी पुरुषांची. बायांचं काय?

निपाणीत या प्रश्नाचं उत्तर जुनं आहे. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या इथल्या बाया चाळीसेक वर्षांपूर्वी संघटित झाल्या, प्रा. सुभाष जोशींसारखे कार्यकर्ते त्यांच्यामागं उभे राहिले. छाया दातार यांनी त्यांच्यावर अभ्यास करून १९८९ मध्ये पुस्तक लिहिलं. याच गावानं १९८१ मध्ये तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन आणि गोळीबार पाहिला. तेव्हाच्या तरुण बाया आता आज्या झाल्यात. पाठ वाकली, तंबाखूच्या धुळीनं छातीत घरघर लागली. पण चार घरं हिंडून माणसं गोळा करणं त्यांना कुणी शिकवायला नको. एसटीचा हिशेबही त्यांनाच ठाऊक. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेमुळे बायकांना सरकारी बस फुकट. पण ती कर्नाटकातल्या प्रवासापुरती. महाराष्ट्रात पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी मोफत, तीही महाराष्ट्राच्या हद्दीपुरती. निपाणीहून कोल्हापूर जवळ, बेळगाव लांब. तेव्हा लेकीकडं जायचं की सौंदत्तीच्या यल्लम्माला, कुठं तिकीट काढायचं आणि कुठं नाही, हे एखादी अनुभवी आजीच दुसरीला समजावून सांगू शकते, आणि समजावता समजावता तिला सोबत घेऊनही जाते.

आज्यांच्या या ताकदीवर जगात एक मोठा प्रयोग उभा राहिला. झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हरारेच्या म्बारे वस्तीत १४ आज्यांना ऐकून घेण्याचं शिक्षण दिलं. दवाखान्याबाहेर लाकडी बाकावर बसायचं, समोरच्याचं दुखणं ऐकायचं, एक प्रश्न निवडून त्यावर त्यालाच उपाय शोधायला लावायचा. २०१६ मध्ये या कामाची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली, आणि आज्यांशी बोललेल्यांची उदासी इतरांपेक्षा बरीच कमी झालेली दिसली. आणि हा प्रश्न जगभरचा आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सहांतल्या एकाला एकटेपणा ग्रासतो.

अडचणी आहेतच. मदतीला जाणारा पासष्टीचा, ज्याच्याकडं जायचं तो पंच्याऐंशीचा. एका पावसाळ्यात दोघेही आजारी पडतात आणि सगळी घडी विस्कटते. म्हणून एका माणसाच्या भरवशावर हे काम ठेवू नये, दोघांची जोडी हवी. भाषेचा अडसर मात्र ओसरेल. आता निवृत्त होणारी पिढी शाळेतच कानडी शिकलेली आहे. तिच्यापुढचा पेच वेगळा आहे: अर्ज ऑनलाइन, आणि ओटीपी जातो तो पुण्याच्या मुलाच्या मोबाइलवर. मग मदतनीस काका पुण्याला फोन लावतात, मुलगा मीटिंगमधून बाहेर येऊन आकडे सांगतो, आणि काका फोन न ठेवता सरळ म्हाताऱ्याच्या हातात देतात: "घ्या, बोला आता."